पानाच्या माथ्यावरील आंकडा

सेवानिवृत्त शिक्षकास गांवांतील शाळेनें एखादें काम सांगितलें म्हणजे त्यास नाहीं म्हणवत नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत एका शाळेनें वार्षिक परीक्षेची सरासरी संगणकावर काढून देण्याची आम्हांस विनंति केली, व आम्हीं ती मोठ्या हौसेनें मान्य केली. आमच्या नातीनें सुटींत आम्हांस ‘पायथन’ नामक संगणकभाषेचीं मुळाक्षरें शिकविलीं होतीं. पुढील पाठ आम्हीं त्या भाषेच्या संकेतस्थळावरील माहितीपुस्तक वाचून तयार केला होता. सहा विषयांच्या गुणांची बेरीज घ्यावयाची, तिला सहांनीं भागावयाचें, आणि अर्धा गुण उरल्यास तो पूर्ण धरावयाचा, एवढेंच काय तें काम. शाळेच्या जुन्या यंत्रावर तें घटकाभरांत झालें आणि यादी फलकावर लागली.

दुसऱ्या दिवशीं एक विद्यार्थिनी वडिलांस घेऊन आमच्या दारीं आली. तिच्या गुणांची बेरीज ३५७. तिनें वहींत भागाकार करून आणला होता : साडेएकोणसाठ, म्हणजे शाळेच्या नियमाप्रमाणें ६० व पहिला वर्ग. आमच्या यादींत मात्र ५९ व दुसरा वर्ग! चाळीस वर्षें मुलांचे भागाकार तपासलेल्या माणसास एका मुलीनें भागाकार दाखवावा, याहून अधिक लाज ती कोणती?

कारण शोधूं लागलों तेव्हां उमगलें कीं, पायथनच्या दुसऱ्या पिढींत पूर्णांकास पूर्णांकानें भागलें असतां अपूर्णांक टाकून दिला जात असे. तिसऱ्या पिढीपासून तो राखला जातो. शाळेच्या यंत्रांत २.७ ही आवृत्ति होती, आणि आम्हीं वाचलेलें पान तिसऱ्या पिढीचें होतें. यंत्रानें चुकीची सूचना दिली नाहीं, कारण त्याच्या मतें चूक झालीच नव्हती. छापण्याची आज्ञा कंसांत लिहिली कीं ती दोन्हीकडे चालते, म्हणून तेथेंहि आम्ही अडखळलों नाहीं. यादींतील प्रत्येक आंकड्यापुढें एक टिंब व शून्य उमटलें होतें. तें पाहून तरी संशय यावयास हवा होता. पुस्तकाच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर आवृत्तीचा आंकडा स्पष्ट दिलेला असतो. तो आम्हीं पाहिला नाहीं, हें कबूल केलें पाहिजे.

या फजितीनंतर, हीं पानें लिहितें कोण व आवृत्त्या काढतें कोण, याची आम्हांस जिज्ञासा झाली. गीडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनीं १९८९ च्या नाताळच्या सुमारास या भाषेची रचना आरंभिली व १९९१ सालीं ती लोकांपुढें ठेविली. तिची मूळ संहिता कोणासहि वाचावयास, उतरून घ्यावयास व सुधारून परत पाठवावयास मोकळी आहे. देशोदेशींचे लोक, बहुतेक वेतनावांचून, सुधारणा पाठवितात. इतके हात लागल्यावर घोटाळा व्हावयाचाच. म्हणून प्रत्येक आवृत्तीस एक प्रकाशन-व्यवस्थापक नेमलेला असतो. नवीन गोष्ट शोधून काढणें हें त्याचें काम नव्हे; ‘आतां पुरे’ म्हणणें हें त्याचें काम. अलीकडे दर वर्षीं ऑक्टोबरांत एक नवी आवृत्ति निघते. तत्पूर्वीं सात कच्चे खर्डे, मग चार चांचणीचे खर्डे, शेवटीं उमेदवार-प्रती. पहिला चांचणीचा खर्डा निघाला कीं नव्या सोयीस दार बंद. पुढें दुरुस्तीच तेवढी. पंगतीचीं पानें मांडल्यावर कोणी नवें पक्वान्न सुचविलें तर घरच्या वडीलधाऱ्या बाई जशा नुसत्या पाहतात, तसेंच हें! ३.१४ ही आवृत्ति ७ ऑक्टोबर २०२५ रोजीं याच शिस्तीनें बाहेर पडली.

भागाकाराचा बदलहि एका रात्रींत झालेला नाहीं. त्याचा प्रस्ताव २००१ सालचा. अपूर्णांक टाकणाऱ्या भागाकारासाठीं त्याच वर्षीं निराळें चिन्ह देण्यांत आलें. आणि जुन्या चिन्हाचा अर्थ पालटला तो ३ डिसेंबर २००८ रोजीं. तरीहि लोकांचा जुना पसारा एवढा मोठा होता कीं, दुसऱ्या पिढीची देखभाल २०१५ पर्यंत करण्याचें ठरलेलें असतां ती १ जानेवारी २०२० पर्यंत लांबवावी लागली. म्हणजे अकरा वर्षें एकाच चिन्हाचे दोन अर्थ जगांत सुखानें नांदत होते.

अशा वेळीं माहितीपुस्तकाची व्यवस्था हाच खरा आधार. तें संहितेच्याच कोठारांत ठेवितात, म्हणजे नियम बदलणाऱ्यानें त्याचें वर्णनहि बदलावें अशी अपेक्षा करतां येते. कोणती सोय कोणत्या आवृत्तींत आली, कोणती कधीं पालटली, याची टीप जागच्या जागीं असते. शिवाय प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘नवीन काय’ या विषयाचा एक स्वतंत्र लेख निघतो. जुनीं पानें पुसून टाकीत नाहींत, २.७ चें पुस्तक अद्यापि संकेतस्थळावर आहे, मात्र ही आवृत्ति आतां सांभाळली जात नाहीं असा इशारा त्यावर दिलेला आहे. कात्यायनांनीं वार्तिकें रचिलीं म्हणून पाणिनीचीं सूत्रें कोणीं खोडलीं नाहींत. आम्हां संस्कृत शिकलेल्यांस ही पद्धति परकी वाटूं नये. आमच्या मतें संहिता लिहिणाऱ्यापेक्षां हीं टिपणें नेटकीं ठेवणाऱ्याचे उपकार कमी नाहींत. त्याचें नांव मात्र क्वचितच कोणाच्या तोंडीं येतें.

असो. नातीच्या नव्या यंत्रावर आम्हीं सगळा निकाल पुन्हा काढला. मुलीचे ६० आले. इतक्यांत एका मुलाची बेरीज ३५१, म्हणजे सरासरी साडेअठ्ठावन्न, आणि यंत्र म्हणतें ५८! या खेपेस मात्र आम्हीं आधीं पान उघडलें, माथ्यावरील आंकडा पाहिला, व मग मजकूर वाचला. अर्धा उरल्यास जवळच्या सम संख्येकडे जावें, असा तिसऱ्या पिढीचा नियम तेथें सरळ लिहिलेला होता. शाळेचा नियम निराळा. तेव्हां तेवढी आज्ञा बदलली आणि सर्व बेरजा एकदां हातानेंहि ताडून पाहिल्या.

सुधारलेली यादी फलकावर लागली, तिच्या माथ्यावर आम्हीं ‘आवृत्ति दुसरी’ असें लिहून तारीख घातली. पहिली यादीहि तेथेंच राहूं दिली, तिच्यावर तांबड्या शाईनें ‘रद्द’ लिहून. मुख्याध्यापकांस तें फारसें रुचलें नाहीं.