विश्लेषण : संपावर गेलात म्हणून कंपनी कामावरून काढू शकते का?

मे २०२४ मध्ये एअर इंडिया एक्स्प्रेसच्या बऱ्याच केबिन क्रूने एकाच वेळी आजारपणाची रजा टाकली. विमाने रद्द झाली, प्रवासी विमानतळांवर अडकले आणि कंपनीने सुमारे २५ जणांना नोकरीतून काढल्याची पत्रे पाठवली. लगेच दिल्लीत मुख्य कामगार आयुक्तांसमोर बैठक झाली. कर्मचारी कामावर परतायला तयार झाले आणि कंपनीने बडतर्फीची पत्रे मागे घेतली. दोन-तीन दिवसांत विषय मिटला.

एसटीचा संप मिटायला जवळपास सहा महिने लागले. महामंडळाचे राज्य सरकारमध्ये विलीनीकरण करा, या मागणीसाठी ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झालेल्या या संपात हजारो कर्मचारी निलंबित झाले, हजारो बडतर्फ झाले. कामगार न्यायालयाने संप बेकायदा ठरवला होता. तरीही ७ एप्रिल २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कर्मचाऱ्यांना २२ एप्रिलपर्यंत रुजू होण्यास सांगितले आणि रुजू होणाऱ्यांना परत घेण्याचा निर्देश महामंडळाला दिला.

मग बडतर्फीच्या त्या पत्रांना कायद्यात नेमकी काय किंमत होती?

आधी हे पाहतात : संप कायदेशीर की बेकायदा?

संप करणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. युनियन स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेत आहे, पण त्यात संपाचा हक्क आपोआप येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्येच सांगितले. संप हा कायद्याने मान्य केलेला, पण अटी घातलेला हक्क आहे.

या अटी पाळून केलेल्या संपाला संरक्षण मात्र चांगले आहे. कायदेशीर संपात भाग घेतला म्हणून कामगाराला काढणे ही ‘अनुचित कामगार प्रथा’ मानली जाते. इतकेच नाही, अशा संपाच्या काळात मालकाने बाहेरून नवी भरती करणे हेसुद्धा त्याच यादीत आहे. म्हणजे वरच्या प्रश्नाचे उत्तर कागदावर तरी सरळ आहे : संप कायदेशीर असेल तर काढता येत नाही.

अडचण आहे ती संप कायदेशीर ठेवण्यात.

नव्या संहितेने काय बदलले?

औद्योगिक संबंध संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात संपाच्या नोटिशीची सक्ती फक्त लोकोपयोगी सेवांना होती. आता ती सगळ्याच औद्योगिक आस्थापनांना आहे. नोटीस दिल्यानंतर १४ दिवस संप करता येत नाही. महाराष्ट्राला हे १४ दिवस नवे नाहीत. आपल्याकडच्या १९७१ च्या कायद्यात ते होतेच. उलट त्या कायद्यात एक सवलतही होती : न्यायालयाने संप बेकायदा ठरवल्यावर ४८ तासांत मागे घेतला, तर तो बेकायदा धरला जात नसे.

खरी मेख पुढे आहे. संपाची नोटीस गेली की समेट अधिकाऱ्याने मध्यस्थी सुरू करायची असते. मध्यस्थी सुरू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संपाला बंदी. मध्यस्थी फसली, तर कामगार किंवा मालक यांपैकी कुणीही औद्योगिक न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. प्रकरण तिथे गेले की सुनावणीभर आणि त्यानंतर ६० दिवस पुन्हा बंदी.

हा फ्लोचार्ट कागदावर काढून पाहिला (इंजिनीअरिंगची जुनी सवय). नोटिशीपासून निघालेला जवळपास प्रत्येक बाण ‘संप बेकायदा’ या चौकटीत जातो. मालकाने वेळेत एक अर्ज केला तरी पुरते. कामगार संघटनांचा या संहितेवरचा मोठा आक्षेप हाच आहे आणि तो मला रास्त वाटतो.

शिवाय एखाद्या दिवशी ५० टक्के किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून किरकोळ रजा घेतली, तर तोही आता संपच. बेकायदा संपात सहभागी झाल्यास १ हजार ते १० हजार रुपये दंड, एक महिन्यापर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. जुन्या कायद्यात दंड होता ५० रुपये.

संप बेकायदा ठरला म्हणजे नोकरी गेली?

नाही. गेटवर बहुतेकांचा गैरसमज होतो तो इथेच.

बेकायदा संपात केवळ सामील झाला, एवढ्यावरून सरसकट सगळ्यांना बडतर्फ करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच म्हटले होते. शांतपणे घरी बसलेला कामगार आणि तोडफोड करणारा किंवा कामावर जाणाऱ्यांना अडवणारा, यांत फरक करावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाला आरोपपत्र, त्याचे म्हणणे आणि चौकशी हवी. वाद न्यायाधिकरणापुढे असताना त्याच वादाशी जोडलेल्या गैरवर्तनासाठी काढायचे, तर आधी परवानगी घ्यावी लागते. पगार मात्र कापला जातो. संप कायदेशीर आणि समर्थनीय, दोन्ही असेल तरच त्या दिवसांच्या पगारावर दावा सांगता येतो.

सरकारी नोकरांना वेगळे सेवानियम लागू होतात. तमिळनाडूत २००३ मध्ये जयललिता सरकारने संपावर गेलेल्या सुमारे १ लाख ७० हजार कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढले. संपाचा मूलभूत, कायदेशीर किंवा नैतिक हक्कही त्यांना नाही, अशी कडक भूमिका सर्वोच्च न्यायालयाने घेतली. पण त्याच न्यायालयाच्या सूचनेनंतर माफी आणि हमी लिहून घेऊन बहुतेकांना परत घेण्यात आले.

मालकाच्या हातात मग काय उरते?

हा प्रश्न रास्त आहे. एसटी बंद होती तेव्हा गावातून तालुक्याला कॉलेजला जाणाऱ्या मुलांचे हाल झाले. त्यांचा विलीनीकरणाशी काही संबंध नव्हता. अमेरिकेत वेतनवाढीसारख्या आर्थिक मागण्यांसाठी संप झाला, तर मालक संपकऱ्यांच्या जागी कायमची दुसरी माणसे घेऊ शकतो, असे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९३८ मध्ये ठरवले. ‘काढले’ म्हणायचे नाही, फक्त जागा भरली म्हणायचे. १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी संपावरच्या ११ हजारांहून अधिक हवाई वाहतूक नियंत्रकांना ४८ तासांची मुदत देऊन थेट बडतर्फ केले. त्यानंतर तिथे मोठे संप झपाट्याने कमी झाले.

आपल्याला ते हवे आहे का? माझे मत नाही असे आहे. पगार बुडणे हीच संपाची शिक्षा आहे आणि ती पुरेशी आहे. हिंसा करणाऱ्याला काढा, पण चौकशी करून.

ज्यांना पत्रच मिळत नाही, त्यांचे काय?

चाकण, रांजणगाव, वाळूजच्या कारखान्यांत एकाच लाइनवर कायम कामगार असतो, शेजारी कंत्राटी असतो, त्याच्या पलीकडे ट्रेनी. वरची सगळी चर्चा मुख्यतः पहिल्याच्या कामाची आहे. कंत्राटी कामगाराला कुणी बडतर्फ करत नाही. ठेकेदार त्याला दुसऱ्या दिवसापासून बोलावत नाही, गेटपास चालत नाही, एवढेच. नव्या संहितेने अधिकृत केलेल्या मुदतीच्या नोकरीतही करार संपल्यावर तो न वाढवणे म्हणजे कामगारकपात धरली जात नाही. त्याने मागच्या महिन्यात संपाच्या सभेत हात वर केला होता, म्हणून करार वाढवला नाही, हे तो सिद्ध कसे करणार?

माझ्या बॅचमधले निम्मे जण अशाच कारखान्यांत सुपरवायझर आहेत. १८ हजार रुपयांपेक्षा जास्त पगारावर सुपरवायझरचे काम करणारा या संहितेत ‘कामगार’च नाही. हे सांगितले तेव्हा त्यांच्यातल्या एकाने विचारले, “म्हणजे आम्ही संप केला तर?” त्याच्यासाठी वरचे संरक्षण नाही. त्याच्यापुरते बघायचे ते नियुक्तिपत्रातले नोटीस पिरियडचे कलम.