कानामागचे चुंबक

एमआरआयचे यंत्र वापरात नसले तरी बंद नसते. त्यातले वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवलेले असते. वीज त्यात एकदा सोडली की फिरतच राहते आणि चुंबकत्व रात्रंदिवस टिकते. २७ जानेवारी २०१८ रोजी मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयात नातेवाइकाच्या स्कॅनसाठी आलेला ३२ वर्षांचा तरुण ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन त्या खोलीत गेला. यंत्राने सिलिंडरसकट त्याला खेचले आणि त्यात त्याचा जीव गेला.

सिलिंडर निदान दाराबाहेर ठेवता येतो. कातडीखाली शिवलेले चुंबक कुठे ठेवायचे?

चारकोपला आमच्या गल्लीत कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेला सात वर्षांचा मुलगा आहे. सायकलवरून पडून गुडघा दुखावला, म्हणून डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. दोन केंद्रांनी फोनवरच नकार दिला. तिसऱ्याने काही न विचारता वेळ दिली. ‘भाऊ, यातलं बरोबर कोण?’ त्याच्या आजीने मला विचारले. माझ्या मते तिघेही चूक. उपकरणाचे मॉडेल कोणते, एवढे एकानेही विचारले नव्हते.

साधे श्रवणयंत्र कानातून काढून डबीत ठेवले की काम झाले. इम्प्लांटचे तसे नाही. बाहेरचा प्रोसेसर काढता येतो, पण कानामागे कातडीखाली नाण्याएवढे चुंबक असते आणि तिथून बारीक तार आतल्या शंखापर्यंत गेलेली असते. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचे क्षेत्र पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे ३०,००० पट. त्यात हे छोटे चुंबक होकायंत्राच्या सुईसारखे वळू पाहते. जुन्या बनावटीत ते घट्ट बसवलेले असल्यामुळे वळताना आपल्या खोबणीतून तिरपे निघते. मूल कळवळते आणि कधी पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ‘स्कॅन तर गुडघ्याचा आहे’ हा युक्तिवाद इथे चालत नाही. गुडघा बोगद्याच्या मध्यावर आणला की लहान मुलाचे डोके आत किंवा तोंडाशीच येते.

म्हणून स्कॅन कधीच करायचा नाही, असे मात्र नाही. कित्येक जुन्या मॉडेलांना १.५ टेस्लापर्यंत, डोक्याला घट्ट पट्टी बांधून, कंपनीच्या अटींनुसार परवानगी असते. काहींचे चुंबक छोट्या शस्त्रक्रियेने काढून नंतर परत बसवतात. मेड-एलच्या सिंक्रोनी, कॉक्लिअरच्या प्रोफाइल प्लस, अॅडव्हान्स्ड बायोनिक्सच्या अल्ट्रा थ्रीडी या नव्या मॉडेलांत चुंबक आतल्या आतच फिरून क्षेत्राशी जुळते. ती अटींसह ३ टेस्लापर्यंत चालतात. अर्थात मेंदूचाच स्कॅन असेल, तर न काढलेल्या चुंबकाची काळी सावली चित्रावर काही सेंटिमीटर पसरते. हवा तोच भाग झाकला जात असेल, तर चुंबक काढायचे की सीटी स्कॅनवर भागवायचे, हे शल्यचिकित्सक आणि रेडिओलॉजिस्ट यांनी आधीच बोलून ठरवलेले बरे. (रिकीब हे कानातले हाड बदललेल्यांना बहुधा अडचण येत नाही, तरी शस्त्रक्रियेचा कागद दाखवावा.)

तेव्हा सगळे येऊन थांबते ते इम्प्लांटच्या कार्डावर. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेत मुलांना इम्प्लांटसाठी मदत मिळते. वांद्रे रेक्लमेशनची अली यावर जंग संस्था त्या कामाची मध्यवर्ती यंत्रणा आहे. योजनेतले उपकरण सरकारी खरेदीतून येते, पालकांनी ते निवडलेले नसते. त्यामुळे मॉडेलचे नाव तोंडपाठ असण्याचे कारणच नाही. आमच्या शेजाऱ्यांचे कार्ड रेशनकार्डाच्या पिशवीत निघाले. मी त्यांना त्याचा फोटो घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये ठेवायला सांगितले. अपघातानंतर मुलाला घेऊन कोण धावेल, हे आधी ठाऊक नसते.

एक गोष्ट केंद्रांतही सहसा कोणी सांगत नाही. प्रोसेसर बाहेर काढून ठेवल्यावर मुलाला काहीही ऐकू येत नाही, त्यामुळे स्पीकरवरची ‘हलू नकोस’ ही सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही. खुणा घरीच ठरवून जावे: पायावर एक थाप म्हणजे स्थिर राहा, दोन थापा म्हणजे संपले. आणि दुखले, तर दाबायचा रबरी फुगा आधीच त्याच्या हातात द्यायला सांगावे.