सरहद्दीवरील मुदपाकखाना

ब्रिटनच्या उत्तर सरहद्दीवर विंडोलांडा येथे रोमनांनी इ. स. 85 च्या सुमारास ठाणे घातले. सम्राट हेड्रियनची विख्यात भिंत तेथून मैलभर उत्तरेस उभी राहू लागली ती 122 साली. तलवारींचा आणि तटबंदीचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. परंतु त्या शिबंदीच्या तीन शतकांच्या संसाराची खरी बखर ठाण्याच्या उकिरड्यातील खापरांत आहे, असे माझे मत आहे.

प्रारंभीचा थाट मोठा होता. तांबड्या, आरशासारख्या झिलईची ताटे-वाडगे दक्षिण गॉलमधील (आजच्या दक्षिण फ्रान्समधील) ला ग्रोफसेंक येथून येत, जेथे एकाच भट्टीच्या हिशेबात 30,000 च्या घरातील भांडी मांडलेली सापडतात. अशी एक कोरी रवानगी वाटेतच फुटली आणि ठाण्याच्या खंदकात जशीच्या तशी फेकली गेली. कोठावळ्याने त्या दिवशी कोणाच्या नावाने बोटे मोडली असतील, ते मात्र दप्तरात नाही. ऑलिव्हचे तेल स्पेनहून, सुमारे 70 लिटरांच्या गोलगरगरीत रांजणांतून येई. रिकामा रांजणच 30 किलोंच्या आसपास भरे.

1973 पासून येथे लाकडाच्या पातळ पट्ट्यांवरील शाईचे लेख हाती येऊ लागले. त्यांतील एका पट्टीवर ऱ्हाइनच्या मुखाकडील बटाव्हियन लोकांच्या पलटणीच्या काळची भांड्यांची जिन्नसवार याद आहे: उथळ ताटल्या दोन, बश्या पाच, सिरक्याच्या वाट्या तीन, अंड्यांच्या वाट्या तीन, पावाच्या टोपल्या, पेले, ब्राँझचा दिवा. लढाईच्या बातम्यांच्या ढिगापेक्षा या तीन अंड्यांच्या वाट्याच मला अधिक बोलक्या वाटतात.

साधा शिपाई मात्र खोलीतील सोबत्यांसह जात्यावर आपले धान्य आपणच दळी, आतून खडे बसवलेल्या चोचीच्या कुंडीत वाटण वाटी आणि झिलईच्या वाडग्याच्या बुडाशी आपले नाव कोरून ठेवी, हे बहुधा चोरीच्या धास्तीने. असा वाडगा तडकला तर शिशाचे टाके घालून तो पुन्हा वापरात घेत.

भिंत उभी राहण्याच्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील डॉर्सेटची हाताने घडवलेली काळी मडकी चुलीवर चढली. तिसऱ्या शतकात गॉलची तांबडी भांडी आणि पुढे स्पेनचे तेलही यायचे थांबले. चौथ्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे 410 च्या सुमारास रोमन अंमल संपण्याच्या तोंडावर, भांड्यांची रसद बहुतांशी यॉर्कशायरच्या भट्ट्यांपुरती आकसली होती. तेथील जाड मडक्यांच्या मातीत चुन्याच्या स्फटिकांचे कण मिसळलेले असत. आंबट जमिनीत ते विरून गेल्यामुळे आज त्या खापरांच्या अंगावर देवीच्या व्रणांसारखे खळगे तेवढे दिसतात.