बंगालचे ऋण गडचिरोलीत फेडावे लागेल!

विठ्ठलवाडी स्टेशन सोडले की लागलीच उल्हासनगर सुरू होते. आज तिथे बाजारपेठ, कारखाने आणि कॉलेजे दिसतात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथे लष्कराची कल्याण छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या सुमारे एक लाख माणसांना सरकारने त्याच छावणीच्या बराकींत ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. 'कॅम्प नंबर अमुक' हे शब्द आमच्या भागातल्या माणसाच्या तोंडी आजही आहेत. पण त्या कॅम्पातली मुले शिकली कशी, त्यांच्या शिक्षणाचा भार कोणी उचलला, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो आज विचारला पाहिजे. कारण याच महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत, फाळणीचेच दुसरे निर्वासित राहतात आणि त्यांच्या मुलांची शिष्यवृत्ती कागदाच्या एका तुकड्यापायी अडली आहे.

आधी सिंधी बांधवांचे पाहू. केंद्र सरकारने त्या काळी स्वतंत्र पुनर्वसन खाते काढले. विस्थापित विद्यार्थ्यांसाठी फी-माफी, विद्यावेतन आणि कर्ज यांची तरतूद केली. पंजाबातून आलेल्या मुलांसाठी पंजाब विद्यापीठाने दिल्लीत संध्याकाळचे 'कॅम्प कॉलेज' चालवले. कराचीहून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जयहिंद कॉलेज उभे केले, १९४९ मध्ये वांद्र्याचे नॅशनल कॉलेज सुरू झाले. पुढे साठच्या दशकात उल्हासनगरातही कॉलेजे निघाली आणि आमच्या वस्त्यांतील मुलांनीही त्यांचा लाभ घेतला. हे सर्व योग्यच झाले. घरदार गमावलेल्या माणसाला शिक्षणासाठी मदत करणे हे सरकारचे कर्तव्यच आहे. आमचा सवाल एवढाच की, हे कर्तव्य सर्व निर्वासितांच्या बाबतीत सारखे पाळले गेले काय?

या प्रश्नाचे उत्तर बाबासाहेबांनी फाळणीच्याच वर्षी दिले होते. पाकिस्तानातून येणाऱ्या अस्पृश्य निर्वासितांपर्यंत सरकारी मदत पोहोचत नाही, कारण छावण्यांचा कारभार सवर्णांच्या हातात आहे, अशी लेखी तक्रार त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंकडे केली. ते स्वतः त्या सरकारात कायदामंत्री होते, तरीही त्यांना पत्र लिहावे लागले. निर्वासितालाही जात असते आणि छावणीच्या दारात ती विचारली जाते, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

आता गडचिरोलीकडे वळू. पूर्व पाकिस्तानातून म्हणजे आजच्या बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांत नमःशूद्र समाजाची संख्या फार मोठी होती. नमःशूद्र म्हणजे बंगालचे अस्पृश्य. त्यांना बंगालमध्ये पुरेशी जागा मिळाली नाही. १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प निघाला आणि हजारो कुटुंबे ओरिसा व मध्य प्रदेशाच्या जंगलात पाठवली गेली. महाराष्ट्रात तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात काही कुटुंबे वसवली गेली. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांतील बंगाली गावे ही त्याचीच खूण आहे. दंडकारण्यातून कंटाळून जे १९७८ मध्ये सुंदरबनातील मरिचझापी बेटावर गेले, त्यांची तिथल्या डाव्या सरकारने १९७९ मध्ये नाकेबंदी केली आणि पोलीस घालून त्यांना हुसकावले. गरिबांच्या नावाने राज्य करणाऱ्यांनीही अस्पृश्य निर्वासिताला आपले मानले नाही.

हे नमःशूद्र आपले कोण लागतात, हे चळवळीच्या तरुणांना सांगावे लागते, ही खेदाची बाब आहे. १९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत जाण्यासाठी मुंबई प्रांतात दार उघडले गेले नाही. तेव्हा बंगालचे नमःशूद्र नेते जोगेंद्रनाथ मंडल पुढे आले आणि बाबासाहेब बंगालमधून संविधान सभेवर निवडून गेले. पुढे फाळणीने ती जागा गेली आणि १९४७ मध्ये मुंबईतून त्यांची निवड झाली. पण पहिले दार उघडले ते बंगालच्या अस्पृश्यांनी. मंडल स्वतः पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले आणि तिथे आपल्या माणसांचे हाल पाहून १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले.

शिष्यवृत्तीचाही इतिहास असाच आपल्या घरातला आहे. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले. मुदत संपल्यावर लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना १९१७ मध्ये परतावे लागले. पैशाअभावी शिक्षण तुटणे म्हणजे काय, हे त्यांनी भोगले होते. म्हणूनच व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी दरसाल ३ लाख रुपयांची तरतूद मिळवली. आज मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणून जी योजना आपण ओळखतो, तिचे मूळ १९४४ च्या त्या तरतुदीत आहे.

ज्यांच्या आजोबांनी बाबासाहेबांना संविधान सभेत पाठवले, त्यांची नातवंडे गडचिरोलीत बाबासाहेबांनीच सुरू करवून घेतलेल्या शिष्यवृत्तीला अपात्र ठरतात. असे का होते?

कायद्याची बाजू समजून घ्या. अनुच्छेद ३४१ अन्वये अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ती लागू झाली. नमःशूद्र ही जात पश्चिम बंगालच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात, आंध्रातून मुंबईत आलेल्या एका अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाबाबत, असा निकाल दिला की एका राज्यातील दर्जा दुसऱ्या राज्यात नेता येत नाही. जो नोकरीधंद्यासाठी राज्य बदलतो, त्याला निदान मूळ राज्य तरी असते. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याला त्या राज्याकडून मागता येते. पण ज्याचे मूळ गाव खुलना किंवा बारिसालला राहिले, त्याने कोणत्या राज्याकडे जायचे? महाराष्ट्रातील जातपडताळणी तर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागते. ज्याला सरकारनेच १९५० नंतर ट्रकमध्ये बसवून इथे आणून सोडले, त्याच्याकडे तो पुरावा असणार कुठून? अस्पृश्यता त्याच्यासोबत सीमा ओलांडून आली, सवलत मात्र सीमेवर अडली.

नागरिकत्व सुधारणा कायदा २०१९ मध्ये झाला, त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. निर्वासितांचे कैवारी म्हणून सत्ताधाऱ्यांनी छाती बडवली. त्या कायद्यात निर्वासिताचा धर्म विचारला आहे. त्याच्या जातीने त्याला कुठे ठेवले, त्याच्या मुलीची कॉलेजची फी कोण भरणार, हे मात्र विचारलेले नाही. मतांसाठी 'हिंदू निर्वासित' आणि शिष्यवृत्तीच्या खिडकीवर 'तुमची जात यादीत नाही', हा दुटप्पीपणा चळवळीने उघडा पाडला पाहिजे.

आपल्यातलेच काही जण विचारतील, आधीच आपली शिष्यवृत्ती वेळेवर मिळत नाही, त्यात आणखी वाटेकरी कशाला? या शंकेचे उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५६ मध्ये आपण धम्म स्वीकारला आणि केंद्राच्या यादीने आपल्याला बाहेर काढले. तेव्हा महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये स्वतःच्या अधिकारात नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या. केंद्राने त्या देण्यासाठी १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे तब्बल तीस वर्षे केंद्राच्या यादीत नसताना आपली मुले राज्याच्या आधारावर शिकली. यादीबाहेर राहण्याचे दुःख ज्या समाजाने भोगले, त्यानेच दुसऱ्याला यादी दाखवून परत पाठवावे काय? आणि जे १९६० मध्ये आपल्यासाठी होऊ शकले, ते आज त्यांच्यासाठी का होऊ शकत नाही?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. पहिली, पुनर्वसित नमःशूद्रांचा समावेश महाराष्ट्राच्या यादीत करण्यासाठी राज्य सरकारने पुराव्यानिशी शिफारस पाठवावी. यादीत बदल फक्त संसद करू शकते, त्याला वेळ लागेल. म्हणून दुसरी मागणी, तोवर अनुच्छेद १५(४) आणि ४६ यांच्या आधारे या मुलांसाठी राज्याने स्वतंत्र शिष्यवृत्ती सुरू करावी. तिचा पैसा सर्वसाधारण अर्थसंकल्पातून यावा. अनुसूचित जाती घटकाचा किंवा गडचिरोलीच्या आदिवासींच्या हक्काचा एक रुपयाही त्यासाठी वळवता कामा नये. निर्वासितांना सरकारने आदिवासींच्या जंगलात वसवले, आदिवासींना न विचारता. त्याची किंमत पुन्हा आदिवासींनी मोजू नये.

तिसरी मागणी आज आश्रय मागणाऱ्यांसाठी आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. पण संविधानाच्या अनुच्छेद १४ आणि २१ मध्ये शब्द 'व्यक्ती' आहे, 'नागरिक' नाही. याच अनुच्छेद २१ च्या बळावर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये अरुणाचलातील चकमा निर्वासितांना संरक्षण दिले. हे चकमा आपले बौद्ध बांधव आहेत. जर्मनीच्या पैशावर संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची विद्यापीठीय शिष्यवृत्ती १९९२ पासून चालू आहे. तरीही संयुक्त राष्ट्रांच्याच २०२४ च्या अहवालानुसार जगातील निर्वासित तरुणांपैकी फक्त ७ टक्के उच्च शिक्षणात पोहोचले होते. मुंबई विद्यापीठाने आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाने फी-माफीच्या थोड्या जागा अशा मुलांसाठी ठेवल्या तर विद्यापीठे बुडणार नाहीत.

बांधवांनो, कल्याण-उल्हासनगरच्या पट्ट्यात दर १४ एप्रिलला लाखो रुपये मंडप आणि डीजेवर जातात. येत्या जयंतीला प्रत्येक मंडळाने त्यातला थोडा भाग बाजूला काढून गडचिरोलीच्या एका निर्वासित मुलीची वर्षाची फी भरावी आणि सोबत वरील मागण्यांचे निवेदन जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यावे. सरकार हलायचे तेव्हा हलेल. बंगालने आपल्याला संविधान सभेचे दार उघडून दिले, त्यांच्या लेकरांसाठी कॉलेजचे दार उघडणे आपल्याला अवघड नाही.

जय भीम!