बटाट्याचे बेणे

मराठी भाषेत ‘बी’ आणि ‘बेणे’ असे दोन निराळे शब्द आहेत. ज्वारीचे, भोपळ्याचे, मिरचीचे ते बी. उसाचे, हळदीचे, आल्याचे आणि बटाट्याचे मात्र बेणे. शहरात वाढलेल्या मुलांना या दोहोंतील भेद बहुधा ठाऊक नसतो. परंतु शेतकरी तो कटाक्षाने पाळतो, आणि त्याचे कारण वनस्पतींच्या शरीररचनेत आहे. फुलात परागकण पडून जे बी तयार होते, त्यातून नवा जीव जन्मास येतो. त्याचे गुण आईबापांसारखे असतात, तसे थोडे वेगळेही असतात. बेणे म्हणजे झाडाच्या अंगाचाच एक तुकडा होय. तो मातीत पुरला की त्यातून जे उगवते, ते जुन्या झाडाचे अपत्य नव्हे. जुने झाडच तेथे पुन्हा वाढू लागते. खेड्यात एखाद्या व्रात्य मुलास ‘काय बेणे आहे!’ असे म्हणतात, तेव्हाही जसे मूळ तसा कोंब, हाच विचार बोलणाऱ्याच्या मनात असावा, असे आम्हांस वाटते.

आता घरातील एक बटाटा हाती घ्या आणि नीट न्याहाळा. तो मातीखाली वाढतो म्हणून पुष्कळ लोक त्यास मूळ समजतात. रताळे हे खरोखरीच मूळ आहे. परंतु बटाटा हे खोड आहे. त्याच्या अंगावर ठिकठिकाणी खळगे दिसतात, त्यांना आपण डोळे म्हणतो. प्रत्येक डोळ्यापाशी भुवईसारखी एक पुसट रेषा असते. ती एका न वाढलेल्या पानाची खूण आहे, आणि त्या पानाच्या बगलेत कळ्या दडलेल्या आहेत. प्रत्येक डोळ्यात एकेक टाचणी टोचून त्यांवरून क्रमाने दोरा फिरवला, तर तो बटाट्याभोवती नागमोडी न जाता मळसूत्रासारखा वर चढत जातो. फांदीवरील पाने ज्या क्रमाने येतात, तोच हा क्रम. एका टोकास देठाचा व्रण असतो व दुसऱ्या टोकास डोळ्यांची दाटी असते. ते दुसरे टोक म्हणजे या आखूड, फुगीर फांदीचा शेंडा होय. बटाटा उजेडात पडला की हिरवा होतो, तोही खोडाचाच धर्म. अशा हिरव्या बटाट्यात कडू विषारी द्रव्य वाढते. म्हणून तो खाऊ नये.

बटाट्याला बी मुळीच येत नाही असे नाही. त्याला लहान हिरव्या टोमॅटोसारखे फळ धरते व त्यात बारीक बिया असतात. मात्र त्या बियांपासून केलेली रोपे एकमेकांसारखी निपजत नाहीत. कोणाचे बटाटे गोल, कोणाचे लांबट, कोणाचे केवळ बोराएवढे. शेतकऱ्याला त्यांचा उपयोग नाही. पण नव्या जातींच्या शोधात असलेल्या शास्त्रज्ञाला तोच खजिना आहे. आपल्या मैदानी मुलखात हिवाळ्याच्या लहान दिवसांत बटाट्याला फुले थोडी येतात व फळ क्वचितच धरते. सिमल्याजवळील कुफरी या थंड जागी उन्हाळ्याच्या लांब दिवसांत तो चांगला फुलतो. केंद्रीय बटाटा संशोधन संस्था १९४९ साली पाटण्यास स्थापन झाली व १९५६ साली सिमल्यास हलविण्यात आली, त्यामागे हेही एक कारण होते. ‘कुफरी ज्योती’, ‘कुफरी चंद्रमुखी’ ही जातींची नावे तुम्ही ऐकली असतील. त्यांतील ‘कुफरी’ हे त्या डोंगरी गावाचे नाव आहे. या दोन्ही जाती १९६८ साली शेतकऱ्यांच्या हाती आल्या.

एक उत्तम झाड निवडले आणि त्याचेच बेणे वाढवीत नेले, तर शेकडो एकरांत तेच एक झाड उभे राहते. सर्वांची चव एक, आकार एक, काढणीची वेळ एक. परंतु त्या झाडाचे दुबळेपणही सर्वत्र एकच असते. याची भयंकर प्रचीती आयर्लंडला आली. तेथील गरीब कुळे एकोणिसाव्या शतकात जवळजवळ केवळ बटाट्यावर जगत, आणि बहुतेक ठिकाणी ‘लंपर’ नावाची एकच जात लावलेली असे. १८४५ साली तेथे करपा रोग आला. हिरवीगार शेते थोड्याच दिवसांत काळवंडली आणि मातीतील बटाट्यांचा दुर्गंधी चिखल झाला. पुढील वर्षी पुन्हा तेच घडले, कारण करप्याचे बीज रोगट बटाट्याच्या पोटात राहून हिवाळा काढते व बेण्याबरोबरच शेतात परत येते. १८५२ पर्यंतच्या त्या दुष्काळात सुमारे दहा लक्ष माणसे उपासमारीने व रोगांनी मेली आणि जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याच वर्षांत आयर्लंडमधून धान्याची जहाजे भरून बाहेर जात होती. त्याचा दोष अर्थातच बटाट्याकडे जात नाही.

करपा डोळ्यांना दिसतो तरी. बेण्यातून येणारे दुसरे शत्रू असे आहेत की ते सूक्ष्मदर्शक भिंगातूनही दिसत नाहीत. ते म्हणजे विषाणू. मावा नावाचे मऊ, बारीक किडे रोगट झाडाचा रस शोषून निरोगी झाडावर बसतात आणि विषाणू तेथे पोहोचवतात. झाड त्या वर्षी मरत नाही. पाने थोडी गुंडाळतात किंवा त्यांवर फिकट चट्टे उमटतात, इतकेच. मात्र त्याचे सारे बटाटे विषाणूने भरलेले असतात. तेच बेणे म्हणून लावले की पीक पहिल्याहून कमी येते, तिसऱ्या वर्षी त्याहूनही कमी. खत वाढवले, पाणी वाढवले, तरी उपयोग होत नाही.

पूर्वी यावर एकच उपाय होता. उंच डोंगरावर थंडीमुळे मावा फार नसतो. तेथील बेणे आणावयाचे. पण डोंगरावर जमीन ती किती! डॉ. पुष्करनाथ यांनी या प्रश्नाचा चिकाटीने पाठपुरावा केला. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत मावा अगदी थोडा असतो, असे दिसून आले. मग ऑक्टोबरमध्ये बटाटा लावावयाचा, पाने मोजीत मोजीत माव्यावर पाळत ठेवायची, आणि शंभर पानांवर वीस किडे होण्याच्या सुमारास झाडांचा सगळा पाला कापून टाकायचा. मावा आला तरी त्याला बसावयास पानच उरत नाही, आणि मातीतील बटाटे निरोगी राहतात. इतकी ही साधी युक्ती! तिच्यामुळे पंजाबसारख्या सपाट प्रांतात निरोगी बेणे विपुल तयार होऊ लागले. पुणे जिल्ह्यातील मंचरच्या बाजारात ट्रक भरभरून बेणे उतरते, ते बहुतांशी तेथूनच येते, आणि सातगाव पठारावरील शेतकरी ते घेऊन पावसाळ्याच्या आरंभी लागवड करतात.

तुमच्या परसात थोडी मोकळी जागा असेल, तर तुम्हांलाही बटाटा करून पाहता येईल. स्वयंपाकघरातील बटाटा लावला तर चालणार नाही का, असे तुम्ही विचाराल. तो उगवतोही कधीकधी. परंतु त्याच्या पोटात कोणता विषाणू आहे हे कोणास ठाऊक नसते, आणि शीतगृहातील काही बटाट्यांना कोंब येऊ नयेत म्हणून औषध दिलेले असते. म्हणून बेणेच घ्यावे. प्रमाणित बेण्याच्या गोणीस निळी चिठ्ठी शिवलेली असते. गोणी मोठी असते आणि आपल्याला तर दोन किलो पुरे. तेव्हा ओळखीच्या शेतकऱ्याकडून मागून आणणे बरे. कोंबडीच्या अंड्याएवढे, कडक, आखूड व जाड कोंब फुटलेले बटाटे निवडावेत. लांब, पांढरे, लोंबणारे कोंब हे अंधारात ठेवल्याचे लक्षण आहे. बेणे शीतगृहातून आलेले असेल, तर आठ-दहा दिवस ते सावलीत, मंद उजेडात पसरून ठेवावे.

मोठा बटाटा कापून लावता येतो. शेंड्याकडील डोळा आधी फुटतो आणि इतरांना दडपून ठेवतो. यासाठी कापताना सुरी शेंड्यापासून देठाकडे उभी चालवावी, म्हणजे शेंड्याचे डोळे दोन्ही फोडींस मिळतात. प्रत्येक फोडीवर दोन-तीन डोळे असावेत. एखादा बटाटा आत तपकिरी निघाला तर तो फेकून द्यावा आणि सुरी उकळत्या पाण्यात बुडवून मगच पुढचा कापावा. फोडी हवेशीर सावलीत ठेवून त्यांची चिरलेली बाजू सुकू द्यावी, मग लावाव्यात.

ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर हा आपल्याकडे घरच्या लागवडीचा काळ. भुसभुशीत मातीत चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. दोन ओळींत दीड-दोन फूट व दोन बेण्यांत एक वीत अंतर राखून, कोंब वर करून, बेणे चार बोटे खोल ठेवावे. दोन किलोंत चाळीसएक झाडे होतात. जागा नसेल तर माती भरलेल्या जुन्या गोणीतही दोन-तीन झाडे येतात.

महिन्याभराने झाडांना भर द्यावी, म्हणजे दोन्ही बाजूंची माती ओढून बुंध्याशी चढवावी. झाडाच्या मातीतल्या भागातून आडव्या फांद्या निघतात व त्यांची टोके फुगून बटाटे होतात. मातीचे पांघरूण नसेल तर तीच फांदी वर येऊन पाने धरते, आणि उघडा पडलेला बटाटा हिरवा होतो. रात्री गार असल्या की बटाटा चांगला पोसतो; उन्हाळ्यात पाला माजतो, पण खाली काही धरत नाही. माती ओलसर असावी, चिखल नको. पाने गुंडाळलेले किंवा चट्टे पडलेले झाड दिसले, तर दया न करता बटाट्यांसकट उपटून दूर टाकावे.

सुमारे तीन महिन्यांनी पाला पिवळा पडतो. तो कापून आठ-दहा दिवस थांबावे, म्हणजे साल घट्ट होते. मग खुरप्याने जपून काढणी करावी.

त्यांतले काही बटाटे पुढील वर्षासाठी बेणे म्हणून ठेवावे, असा मोह प्रत्येकास होतो. आपल्या मुलखात त्यास मोठी अडचण उन्हाळ्याची आहे. फेब्रुवारीत काढलेला बटाटा ऑक्टोबरपर्यंत टिकवावयाचा, तर मधले आठ महिने त्यास थंडावा हवा. शेतकरी सावलीत ढीग रचून त्यावर पाल्याचे जाड आच्छादन घालतात, त्यास आरण म्हणतात. परंतु त्यात काही आठवडे निघतात, सारा उन्हाळा नव्हे. घरात ठेवलेले बटाटे मे महिन्यापर्यंत सुरकुततात, पाकोळीची अळी त्यांना पोखरते, आणि जे वाचतात त्यांत विषाणू शिरला आहे की नाही, हे बाहेरून समजत नाही. तेव्हा ते खाऊन संपवावेत, आणि पुढच्या ऑक्टोबरात नवे बेणे आणावे.