विहिरीवरचं इंजिन, पॅरिसचं शेंगतेल

माढ्याच्या शिवारात उजनीचं पाणी पोचण्याआधी बागायतीची भिस्त विहिरीवर असे, आणि विहिरीवर पाच एचपीचं डिझेल इंजिन. हँडल मारायचं, धूर सुटला की दारं धरायला निघायचं. त्याच ताकदीचं, एका सिलिंडरचं किर्लोस्कर ‘एव्ही-१’ पुढे अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊन बसलं. करंज, जट्रोफा, मोह, तेल कोणतंही असो. बायोडिझेलच्या भारतीय शोधनिबंधांत चाचणीला वारंवार किर्लोस्करच भेटतं.

या निबंधांतला ठरलेला आकडा असा: किलोमागे डिझेलची उष्णता सुमारे ४३ मेगाज्यूल, बायोडिझेलची ३७-३८. तूट १२ टक्क्यांच्या आसपास. कारण सरळ आहे. बायोडिझेलच्या वजनात जवळपास ११ टक्के ऑक्सिजन असतो, आणि तो स्वतः उष्णता देत नाही. पण पंपावर डिझेल किलोनं कोण घेतं? लिटरभर डिझेल भरतं ८३० ग्रॅम, बायोडिझेल ८८०. त्यामुळे लिटरमागची तूट ८ टक्क्यांवर येते. किलोचाच आकडा पुढे करून बायोडिझेलला नापास करणं म्हणूनच अन्यायाचं.

बाकीच्या गुणांत ते कमी पडत नाही. सीटेन अंक डिझेलच्या तोडीस तोड, वंगणगुण सरस, आणि पेट घेण्याइतकी वाफ सुटायला १०० अंशांहून जास्त तापमान लागतं, म्हणून साठवायला निर्धोक. थंडीत मात्र ते लवकर गोठतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगवतं.

खरी गंमत कच्च्या वनस्पती तेलाची. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात ऑटो कंपनीनं एक छोटं डिझेल इंजिन चक्क शेंगतेलावर चालवलं. ते बनवलं होतं खनिज तेलासाठी. बदल काहीच केला नव्हता. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग हवा होता. इंजिन इतकं सुरळीत चाललं की फरक मोजक्यांच्याच ध्यानात आला, असं रुडॉल्फ डिझेलनं पुढे स्वतःच नमूद केलं. तरीही दर १० ऑगस्टला, जागतिक जैवइंधन दिनी, हे श्रेय डिझेल इंजिनाच्या १८९३ च्या पहिल्या चाचणीला दिलं जातं. त्या चाचणीत शेंगतेल नव्हतंच!

प्रदर्शनात खपलं ते विहिरीवर खपेलच असं नाही. कच्चं तेल डिझेलच्या दहापट दाट. काही दिवसांत नोझलवर काजळी धरते. त्यावरचा उतारा ब्रुसेल्सच्या शावान यांच्या १९३७ च्या पेटंटात सापडतो: तेलावर अल्कोहोलची प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढायचं, की तेल पातळ होतं. हेच बायोडिझेल. भारतीय रेल्वेनं ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी ५ टक्के बायोडिझेल मिसळून चालवली. मग जट्रोफाची लाट आली. २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं स्वप्न दाखवलं. २०१८ च्या धोरणात उरलं २०३० साठी ५ टक्क्यांचं उद्दिष्ट. इंजिनानं साथ दिली, बियांनी दिली नाही.

माढ्यातल्या विहिरींत आता पाणबुडी मोटारी आहेत. महाविद्यालयातलं इंजिन मात्र अजून धडधडतं. शेजारी काचेची ब्युरेट, विद्यार्थ्याच्या हातात स्टॉपवॉच. तासाला १.१ लिटरचा खप धरला, तर १० घनसेंटिमीटर डिझेल संपायला ३३ सेकंद लागतात. बायोडिझेल तिसाव्या सेकंदाला संपतं.