जखमी माशाला आधी स्वच्छ पाणी

घरच्या टाकीतला गोल्डफिश पंख अंगाशी मिटून कोपऱ्यात बसला किंवा वर येऊन तोंड वासू लागला, की लोक औषध आणायला धावतात. माझ्या मते आधी पाण्याकडे बघावं. माशांच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या खाद्यातून पाण्यात अमोनिया साठतो. तो कल्ले भाजतो, जखमही भरू देत नाही. म्हणून पाव टाकी पाणी लगेच बदला. नवं पाणी क्लोरीन काढलेलं आणि त्याच तापमानाचं हवं.

दुसऱ्या माशाने शेपटी कुरतडली असेल, तर जखमी मासा वेगळ्या टबात ठेवा, एअर पंप लावा आणि उजेड कमी करा. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात भोवतालच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी सतत अंगात शिरत राहतं. खवले निघालेल्या जागी ते आणखीच शिरतं, आणि ते बाहेर टाकण्यात बिचाऱ्याची ताकद खर्ची पडते. गोल्डफिशच्या टबात लिटरमागे १ ते २ ग्रॅम जाडं मीठ विरघळवून हळूहळू घातलं, की हा ताण हलका होतो. कोरिडोरस जातीच्या माशांना मात्र मीठ फारसं सोसत नाही. मेथिलिन ब्लू हे औषध मुख्य टाकीत ओतू नका. अमोनिया पचवणारे फिल्टरमधले जिवाणू त्याने मरू शकतात.

फाटक्या पंखाच्या कडेला पारदर्शक, पातळ पट्टी दिसली की नवी वाढ सुरू झाली समजा. कापसासारखा पांढरा थर दिसला, तर बुरशीची शंका घेऊन जाणकार पशुवैद्यांना विचारा. आणि शेपटी कुरतडणाऱ्याच्या सोबतीला जखमी माशाला पुन्हा सोडू नका.